सोबत नमुना जोडलेला नाही

फळ्यावर एवढंच लिहिलं:
बुधवारी गंगेवरच्या बाजारात जा.
कुणाच्या तरी उपयोगी पडा.
आणि खडू ठेवून दिला.

मी पाठमोरीच होते तोवर प्रश्न सुरू.
मॅडम, किती शब्दांत?
मॅडम, गटानं की एकेकट्यानं?
मॅडम, उपयोगी म्हणजे नेमकं काय अपेक्षित आहे?
तन्मय क्षत्रियनं तर मागच्या बॅचचं जर्नल
झेरॉक्सवाल्याकडून आधीच आणून ठेवलेलं,
स्पायरल बाइंडिंग, आत उद्दिष्टं एक ते पाच.
म्हटलं, ठेव ते घरी. रद्दीला बरा भाव आहे.

खरं तर मलाही धास्ती होती.
बावीस वर्षं मी तक्ते वाटत आले:
नाव, वय, उत्पन्न, व्यसन असल्यास.
फुलेनगरात एकदा एका बाईनं विचारलेलं,
हे सगळं भरलं की काय मिळतं?
मी म्हटलं होतं, मार्क.
ती हसली नव्हती.

गुरुवारी सगळे परत आले.
अल्फिया पिंजारीनं पन्नास प्रश्न काढले होते,
सतराव्यापाशीच लसूणवाला उठून गेला.
तन्मयनं कापडी पिशव्या वाटल्या, वाटतानाचे फोटो सोबत.
फोटोत पिशवी घेणारा प्रत्येक जण
त्याच्याकडे नाही, मोबाइलकडे बघतोय.
एकानं लिहिलं, दोन तास फिरलो,
कुणाला माझी गरज दिसली नाही.
त्याला मी सगळ्यांत जास्त मार्क द्यायच्या बेतात होते.

दुर्गा भोयेची वही कोरी.
सुरगाण्याची पोर, बसते शेवटच्या बाकावर,
काही विचारलं की बोटाला ओढणी गुंडाळते.
काय केलंस?
काही नाही मॅडम. टोपल्या सांभाळल्या.
कुणाच्या?
ज्यांना जाऊन यायचं होतं त्यांच्या.

मग हळूहळू निघालं.
ओढ्याच्या चांगुणाबाई पेखळे पहाटे चारला घर सोडतात,
चहा घेत नाहीत, पाणी ओठ भिजण्यापुरतं,
कारण संडास लांब, वर सुटे पैसे,
आणि माल कुणाच्या जिवावर टाकून जाणार?
दुर्गा नुसती शेजारी बसली होती,
म्हणून म्हणाल्या, बघ गं जरा.
त्या आल्या तशी पलीकडची उठली. मग तिच्या पलीकडची.
ऊन कलेपर्यंत सोळा जणी.
एकीनं परत येऊन चहा मागवला,
दिवसातला पहिला,
अर्धा बशीत ओतून दुर्गाला दिला.

विद्यापीठाच्या कागदावर रकाने आहेत:
समस्या, हस्तक्षेप, लाभार्थी, फलनिष्पत्ती.
बाहेरून आलेले परीक्षक चष्मा पुसत म्हणाले,
पण यात हस्तक्षेप कुठे दिसतो?
दुर्गा घाबरली. नाही सर,
मी कशालाच हात नाही लावला.
एक जण मेथी उचलत होता, त्यालाही थांबवलं.

त्यांनी शंभरातले एकेचाळीस दिले.
मी भांडले. सत्तेचाळीस झाले.

पुढच्या बुधवारी रजा टाकून मी गेले.
चांगुणाबाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं,
पर्स, चष्मा, इस्त्रीची साडी.
ती पोरगी नाही आली?
पेपर आहे तिचा.
बरं. मग तुम्ही बसा.
आणि गेल्यासुद्धा.

गोणपाटावर मांडी घालताना गुडघा वाजला.
समोर मेथी, वर ओलं फडकं,
चिल्लरीचा डबा उघडाच.
कुणीतरी वाकून विचारलं, कशी दिली जुडी?
मी म्हटलं, थांबा.
येतील आता.